दोन गुणांनी: लान्चा ०३७ विरुद्ध ऑडी क्वात्रो, १९८३

रॅली म्हणजे साध्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने, वेळ मोजून होणारी मोटारशर्यत. १९८३ च्या जागतिक रॅली अजिंक्यपदाचा निकाल दोन ओळींत मावतो. कंपन्यांचं विजेतेपद: इटलीची लान्चा ११८, जर्मनीची ऑडी ११६. चालकांचं विजेतेपद: ऑडीचा हानू मिकोला १२५, लान्चाचा व्हाल्टर रोर्ल १०२.

लान्चाच्या ०३७ मध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना (रिअर-व्हील ड्राइव्ह), ऑडीच्या क्वात्रोत चारही चाकांना (ऑल-व्हील). बारा रॅलींपैकी पाच लान्चाने मारल्या, पाच ऑडीने. उरलेल्या दोन आफ्रिकेतल्या. सफारी ओपेलच्या आरी वातानेनने जिंकली, आयव्हरी कोस्ट टोयोटाच्या ब्यॉर्न वाल्देगोर्दने, आणि त्या दोन्ही गाड्याही रिअर-व्हील ड्राइव्हच होत्या.

स्पोर्ट्स कार मागच्या चाकांची घ्यावी की चारही चाकांची, हा वाद रंगला की हे साल हमखास निघतं. रिअर-व्हीलवाले ११८-११६ सांगून मोकळे होतात. ऑल-व्हीलवाले विचारतात, मग त्यानंतर एकदा तरी रिअर-व्हील गाडीने कंपन्यांचं विजेतेपद घेतलं का? नाही घेतलं. १९८३ हे शेवटचं. दोघंही खरं बोलतात आणि वाद तिथेच राहतो. कोण जिंकलं यापेक्षा कोणत्या रस्त्यावर जिंकलं, हे बघितलं तर या प्रकरणातून गाडी निवडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं.

जीपवाल्यांची गोष्ट

१९८० पर्यंत चारही चाकांना ताकद देणं हे शेतावरच्या आणि लष्करी गाड्यांचं काम समजलं जायचं. आपल्याकडे तर हा समज बराच नंतरपर्यंत टिकला. फोर-बाय-फोर म्हणजे महिंद्राची जीप नाहीतर जिप्सी. वेगासाठी चार चाकं? कशाला? वजन वाढतं, यंत्रणा गुंतागुंतीची होते, ताकद वाटेत वाया जाते.

ऑडीतल्या यॉर्ग बेनझिंगर या अभियंत्याच्या डोक्यात हे उलटं शिरलं ते फिनलंडच्या बर्फात. १९७७ च्या हिवाळ्यात तिथे चाचण्या चालू असताना इल्टिस ही फोक्सवॅगनची लष्करी गाडी, इंजिन अगदी बेताचं असूनही, बर्फावर कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्यांना भारी पडत होती. बेनझिंगर यांनी ही गोष्ट तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या कानावर घातली. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो आली: २१४४ सीसी, पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती.

यातली खरी युक्ती गिअरबॉक्समध्ये होती. जीपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटायला वेगळी, जड ट्रान्सफर केस असते. ऑडीने गिअरबॉक्सचा एक शाफ्ट पोकळ केला. ताकद त्याच्याकडून मधल्या डिफरन्शियलकडे (चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या संचाकडे) मागे जाते, आणि पुढच्या चाकांचा वाटा दुसऱ्या शाफ्टने त्याच पोकळीतून परत पुढे येतो. नळीत नळी. एवढ्याशा बदलाने चार चाकांची यंत्रणा साध्या कारच्या पोटात बसली.

ऑक्टोबर १९८० मध्ये पोर्तुगालच्या अल्गार्व्ह रॅलीत मिकोलाने क्वात्रो स्पर्धेबाहेरची गाडी म्हणून चालवून दाखवली. ती वेळ धरली असती तर तो सुमारे अर्ध्या तासाने जिंकला असता. रॅलीत मिनिटभराने जिंकणं म्हणजे आरामात जिंकणं, त्यामुळे अर्ध्या तासाचा अर्थ सगळ्यांना कळला. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये मिकोला जिंकला, इटलीतल्या सानरेमोला मिशेल मुतों जिंकली (जागतिक रॅली जिंकणारी पहिली स्त्री), आणि १९८२ चं कंपन्यांचं विजेतेपद ऑडीकडे गेलं.

पण त्याच १९८२ मध्ये चालकांचं विजेतेपद कुणी घेतलं? ओपेल अस्कोना ४०० या रिअर-व्हील गाडीतल्या रोर्लने. तीन रॅली जिंकलेली मुतों दुसरी आली. हे सहसा सांगितलं जात नाही.

लान्चाने काय मांडलं

लान्चाच्या रॅली संघाचे प्रमुख चेझारे फिओरिओ. ०३७ चं काम सुरू झालं १९८० मध्ये, म्हणजे क्वात्रोने कुणाला हरवायच्या आधी. नवे 'ग्रुप बी' नियम येऊ घातले होते आणि त्यात फक्त २०० गाड्या बनवून रॅलीत उतरता येत होतं. क्वात्रोचा धडाका दिसेपर्यंत लान्चाचा आराखडा बराच पुढे गेला होता. चार चाकांसाठी तो मोडायचा म्हणजे पुन्हा पाटी कोरी. तेव्हा त्यांनी जे हातात होतं ते टोकापर्यंत न्यायचं ठरवलं. मागची चाकं निवडण्यात तत्त्वनिष्ठा वगैरे फारशी नव्हती. वेळापत्रक होतं.

मात्र जे केलं ते विलक्षण नेटकं केलं. मोन्तेकार्लो या त्यांच्याच रस्त्यावरच्या मॉडेलचा मधला डबा घेतला, त्याला पुढे-मागे नळ्यांचा सांगाडा जोडला, इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवलं. रॅलीत दर काही टप्प्यांनंतर ठरावीक मिनिटांत दुरुस्ती करावी लागते. पाठीचं अख्खं झाकण उचललं की इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं मेकॅनिकच्या हाताखाली. ही सोय पुढे ग्रीसमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये कामी आली.

इंजिन १९९५ सीसी, चार सिलिंडर, आणि टर्बोऐवजी सुपरचार्जर. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे पाय दाबल्यावर ताकद यायला त्या काळी क्षणभर वाट बघावी लागायची. सुपरचार्जर इंजिनलाच जोडलेला, पाय दाबला की ताकद हजर. त्याची किंमत अशी की तो फिरवायला इंजिनचीच ताकद जाते, म्हणून वरच्या टोकाला ०३७ कमी पडायची. १९८३ मध्ये साधारण ३०० अश्वशक्ती. ऑडी त्याहून पुढे होती.

आता वजन. नियमात टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनची क्षमता १.४ ने गुणत. १९९५ गुणिले १.४ म्हणजे २७९३ सीसी, आणि ३००० च्या आतल्या गटाला किमान वजन ९६० किलो. लान्चाने गाडी थेट त्या रेषेवर आणून ठेवली. क्वात्रो रस्त्यावरच्या धडधाकट कूपेपासून बनलेली, तिला तिथपर्यंत उतरणं जमलं नाही.

शिवाय क्वात्रोचं ते लांबलचक पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेलं. नाक जड, त्यात डिफरन्शियल लॉक केलेले. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते, म्हणजे अंडरस्टिअर. हा हट्टीपणा मोडायला ऑडीचे चालक उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून ठेवत आणि डाव्याने त्याच वेळी ब्रेक मारून गाडीचं नाक आत ओढत. मिकोला आणि स्टिग ब्लूमक्विस्ट यांच्या पायात ते मुरलेलं होतं. सर्वसाधारण माणसाने हे करून बघू नये.

कच्चा हिशोब

इथे थोडं गणित करू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण चित्र त्यातून बरोबर उभं राहतं.

धरा, दोन माणसं, पेट्रोल, सुटा टायर धरून ०३७ ११५० किलो, क्वात्रो १३५० किलो. तुलना सोपी व्हावी म्हणून दोघींची चाकांपर्यंत पोचणारी ताकद सारखीच, १९० किलोवॉट. ०३७ च्या मागच्या चाकांवर, जोर लावताना, वजनाचा ६५ टक्के भार. क्वात्रोचा सगळा भार ताकद मिळणाऱ्या चाकांवर. पकडीचा गुणांक कोरड्या डांबरावर चांगल्या टायरला १.१, खडीवर ०.६, बर्फावर ०.३.

प्रत्येक गाडीला एक वेग असतो. त्याच्या खाली इंजिनकडे टायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त ताकद असते, पाय पूर्ण दाबला की चाकं जागच्या जागी फिरतात. त्याच्या वर टायरला काळजी नसते, इंजिन जेवढं देईल तेवढं रस्ता घेतो. हा वेग जितका कमी, तितकी ताकद कामी येते.

०३७ साठी कोरड्या डांबरावर हा वेग येतो ताशी ८५ किलोमीटर. खडीवर १५६. बर्फावर ३११, म्हणजे बर्फावर गाडी पूर्ण पाय कधीच सहन करणार नाही.

क्वात्रोचा खडीवरचा आकडा येतो ८६.

मला हा हिशोब पहिल्यांदा जमला तेव्हा गंमत वाटली. चार चाकांची गाडी खडीवर जवळजवळ तेवढीच निर्धास्त, जेवढी दोन चाकांची डांबरावर. अल्गार्व्हच्या त्या अर्ध्या तासाचं बरंचसं गुपित यात आहे.

पण डांबरावर काय? क्वात्रोचा तिथला वेग ४७. म्हणजे चार चाकांचा फायदा हेअरपिनमधून, म्हणजे अगदी तीव्र वळणातून बाहेर पडताना, ताशी ८५ च्या आत. त्याच्या वर दोन्ही गाड्या इंजिनच्या जोरावर पळतात, आणि तिथे २०० किलो कमी असलेली गाडी त्याच ताकदीवर साधारण १७ टक्के जास्त पिकअप घेते. ब्रेकच्या वेळी आणि वळणात तर चाकांना ताकद मिळते की नाही याला अर्थच नसतो. तिथे वजन आणि टायर, बास.

बारा रॅली

जानेवारी, मोन्ते कार्लो. त्या वर्षी आल्प्समध्ये बर्फ फार कमी. डांबर बरंचसं उघडं. रोर्ल पहिला, लान्चाचाच मार्कू अलेन दुसरा, मग ऑडीचे ब्लूमक्विस्ट आणि मिकोला. फिओरिओंच्या नावावर एक किस्सा कायम सांगितला जातो, की त्यांनी रॅलीआधी रस्त्यांवर मीठ पडेल अशी व्यवस्था केली, म्हणजे उरलासुरला बर्फही वितळावा. आणखी एक असा की टप्प्याच्या मध्येच गाडी थांबवून खिळ्यांचे टायर उतरवले आणि कोरड्या रस्त्याचे चढवले, कारण टायर बदलण्यात गेलेली सेकंदं पुढच्या कोरड्या उतारावर व्याजासकट परत येणार होती. दोन्ही किश्श्यांमागचा विचार एकच: आपल्या गाडीला कोरडं डांबर हवं, मग ते मिळवायचं.

स्वीडनला लान्चाचा संघ गेलाच नाही. बर्फावर ०३७ नेणं म्हणजे पैसे जाळणं. मिकोला जिंकला. पोर्तुगालची खडी: मिकोला, मुतों, मग रोर्ल. सफारीही लान्चाने सोडून दिली.

कॉर्सिका, पूर्ण डांबर, वळणांमागून वळणं: पहिले चारही क्रमांक लान्चाचे. अलेन, रोर्ल, वुदाफिएरी, बेत्तेगा. इथवर हिशोब चोख जुळतो.

मग येतं ग्रीस. अॅक्रोपोलिस रॅली म्हणजे ऊन, धूळ आणि डोक्याएवढे धोंडे. खडीच खडी. माझ्या गणिताप्रमाणे इथे क्वात्रोने लान्चाला धूळ चारायला हवी होती. रोर्ल पहिला, अलेन दुसरा, ब्लूमक्विस्ट तिसरा. त्यानंतर न्यूझीलंड, पुन्हा खडी. रोर्ल पहिला, निसानचा तिमो सालोनेन दुसरा, बेत्तेगा तिसरा. ऑडीचे मोहरे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत.

वेग ऑडीकडे होता, गाडी टिकत नव्हती. चार चाकं म्हणजे जास्त शाफ्ट, जास्त जॉइंट, जास्त डिफरन्शियल. त्यात तापणारा टर्बो आणि जड नाकाचा सगळा मार पुढच्या सस्पेन्शनवर. गणितात हे धरलेलं नव्हतं. रस्त्यावरची गाडी घेणाऱ्यालाही ते वॉरंटी संपेपर्यंत धरायचं सुचत नाही.

दुसरं उत्तर रोर्ल स्वतः. या माणसाला विजेतेपदाची हाव नव्हती, त्याला मोन्ते कार्लो प्रिय. वर्षभरात तो सहा रॅलींत उतरला. पहिला, तिसरा, दुसरा, पहिला, पहिला, दुसरा. वीस, बारा, पंधरा, वीस, वीस, पंधरा: बेरीज १०२. सहापैकी एकदाही गाडी मोडून बसला नाही, एकदाही तिसऱ्याच्या खाली नाही. मिकोलाने चार जिंकल्या आणि तीनदा दुसरा आला. अलेन १०० गुणांवर तिसरा. चालकांचं विजेतेपद गेलं ते वर्षभर सगळीकडे लढणाऱ्याकडे.

अर्जेंटिनात ऑडीचे पहिले चार: मिकोला, ब्लूमक्विस्ट, मुतों आणि शेखर मेहता. मेहता म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला, सफारी रॅली पाच वेळा जिंकलेला केनियाचा चालक. आपल्याकडे हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. फिनलंडलाही मिकोला. तिथल्या उड्यांच्या रस्त्यांवर अलेनने जीव तोडून तिसरा क्रमांक काढला.

ऑक्टोबरमध्ये सानरेमो, थोडं डांबर आणि थोडी खडी. घरचं मैदान. अलेन, रोर्ल, बेत्तेगा. विजेतेपद इथेच पक्कं झालं आणि लान्चाचा संघ शेवटच्या ब्रिटनमधल्या आरएसी रॅलीला गेलाच नाही. तिथे ब्लूमक्विस्ट आणि मिकोला पहिले-दुसरे आले. म्हणून दोन गुणांचा फरक दिसतो तेवढा निसटता नव्हता. लान्चा जिंकून घरी बसली होती.

सारी गोम या न जाण्यात आहे. स्वीडन नाही, सफारी नाही, आरएसी नाही. फिओरिओंनी आधी गाडी बघितली, मग रस्ते निवडले. आपण शोरूममध्ये हे उलटं करतो. गाडी निवडतो, आणि रस्ता वाट्याला येईल तो.

पुढच्या जानेवारीत

१९८४ चा मोन्ते कार्लो रोर्लने जिंकला. ऑडी क्वात्रोतून! हंगाम संपताच तो तिकडे गेला होता. त्या वर्षी बर्फ भरपूर पडला आणि पहिले तिन्ही क्रमांक ऑडीचे आले. अर्थात ही रॅली त्याने चार वेळा जिंकली ती चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून, फियाट, ओपेल, लान्चा आणि ऑडी, त्यामुळे श्रेय नुसत्या चाकांना देता येत नाही. पण ०३७ ला १९८४ मध्ये एकच रॅली मिळाली, आणि ती कोणती हे सांगायची गरज नाही. कॉर्सिका.

त्याच कॉर्सिकात प्यूजोची २०५ टर्बो १६ उतरली: इंजिन मध्ये, वजन कमी आणि चारही चाकांना ताकद. लान्चाने जे मांडलं होतं आणि ऑडीने जे मांडलं होतं, ते दोन्ही एका गाडीत. वर्ष संपेपर्यंत वातानेनने तिच्यातून तीन रॅली जिंकल्या. १९८५ च्या आरएसीला लान्चा स्वतःच डेल्टा एस४ घेऊन आली, चार चाकांची, आणि पहिल्याच रॅलीत जिंकली. मागच्या चाकांनी जग जिंकून दिलेल्यांनीच ती सोडली. कॉर्सिका मात्र हट्टी. १९८७ मध्येही तिथे बीएमडब्ल्यू एम३ ही रिअर-व्हील गाडी जिंकून गेली.

शोरूममध्ये

रोर्ल १९९३ मध्ये पोर्शचा चाचणी-चालक झाला. योगायोग असा की त्याच कंपनीच्या ९११ मध्ये हा वाद आजही दोन शेजारच्या गाड्यांत उभा आहे. ९११ टर्बो १९९५ मध्ये ४०८ अश्वशक्तीवर पोचली तेव्हा तिला चार चाकं दिली गेली. जीटी३ ला आजही मागचीच. टर्बो घेणारा कुठल्याही हवामानात, कुठेही निघणारा, आणि जीटी३ घेणारा कोरड्या ट्रॅकवर सेकंदाचे तुकडे मोजणारा. जुन्या ९६४ पिढीत करेरा २ आणि करेरा ४ यांच्या वजनात १०० किलोंचा फरक होता. बीएमडब्ल्यूच्या २०२१ च्या एम३ कॉम्पिटिशनमध्ये शून्य ते शंभर मागच्या चाकांवर ३.९ सेकंद, चारही चाकांवर ३.५. हे ०.४ सेकंद नेमके कुठे मिळतात ते वरच्या हिशोबात आहेच: सुरुवातीच्या संथ भागात, जिथे इंजिन टायरला भारी पडतं.

आणि आता तर ३०० अश्वशक्तीचं कौतुक राहिलेलं नाही. ताकद दुप्पट झाली की तो ८५ चा आकडा १७० वर जातो. टायर सुधारलेत, पण दुपटीने नाही. म्हणूनच ६०० अश्वशक्तीच्या एम५ ला २०१७ मध्ये चार चाकं द्यावी लागली, आणि जुन्या गिऱ्हाइकांची समजूत काढायला पुढची चाकं बंद करण्याची सोयही ठेवावी लागली.

मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, गाडी जुलैमध्ये निघणार का? ताम्हिणीत पावसाळ्यात डोंगरावरची लाल माती रस्त्यावर वाहून येते, तेव्हा डांबर डांबर राहत नाही, ग्रीसची खडी होतं. अशा दिवशी गाडी न्यायचीच असेल तर चार चाकं घ्या आणि जड नाक सहन करा. पावसाळाभर ती कव्हरखाली झाकून ठेवणार असाल आणि डिसेंबरच्या कोरड्या पहाटेच बाहेर काढणार असाल, तर मागची चाकं घ्या. वाचलेल्या पैशातले थोडे दर वर्षी चांगल्या टायरवर घाला. फक्त मग जुलैत मित्राने कितीही आग्रह केला तरी ताम्हिणीला त्याच्या गाडीत बसून जायचं.